शुद्ध उच्चारांचा माणूस

ज्येष्ठमधाचा वास आला, की माझ्या जिभेच्या मुळाशी आधी गोडवा दाटतो आणि मागोमाग किळस येते. मातकट, किंचित ओलसर, बंद राहिलेल्या लाकडी कपाटासारखा तो वास टिपणीसकाकांचा होता. त्यांच्या डाव्या गालात ज्येष्ठमधाची कांडी कायम असे. बोलण्यापूर्वी ते ती जिभेने अलगद मागे सारत, पोटातून एक श्वास घेत, आणि मग तो आवाज येई: दाणेदार, कोरडा, कुठेही न थरथरणारा. घसा खाकरणे त्यांना खपत नसे. "आपला कफ ऐकणाऱ्याच्या कानात कशाला टाकायचा?" असे ते विचारत. आम्ही मुले हसत असू. काका हसत नसत.

काका नभोवाणीवर मराठी बातम्या वाचत. दिल्लीतल्या एका बंद, गालिचा अंथरलेल्या खोलीत बसून ते बोलत आणि तिकडे महाराष्ट्रात माणसे त्या आवाजावर घड्याळे लावत. सुट्टीत आम्ही साताऱ्याला मामाकडे गेलो, की सकाळी त्याच्या स्वयंपाकघरात काकांचा आवाज घुमे, आणि "हे आमच्या वरच्या मजल्यावर राहतात" असे सांगताना माझी छाती फुगे. आर. के. पुरमच्या त्या पिवळ्या सरकारी इमारतीत वर टिपणीस, खाली आम्ही, आणि जिन्यापलीकडे मुजावर, माझी मैत्रीण नसीमा हिचे घर. माझे बाबा एका मंत्रालयात, नसीमाचे वडील दुसऱ्या. मुजावर मिरजेचे. त्यांच्या घरातले मराठी आमच्या घरातल्यापेक्षा खणखणीत होते, कारण नसीमाची आई हिंदी बोलायला साफ नकार देत असे.

दिल्लीत वाढणाऱ्या मराठी मुलांची भाषा कडांकडून झिजत जाते. खेळायला हिंदी, शाळेत इंग्रजी. मराठी फक्त जेवणाच्या ताटापुरते. काकांना ते सहन होत नसे. रविवारी सकाळी ते आम्हाला गच्चीवर बोलावत आणि पाठांतर करून घेत. "दिल्लीचं पाणी जिभेवरचा 'ळ' धुऊन नेतं," असे त्यांचे निदान होते. तोंडासमोर पेटती मेणबत्ती धरून 'प' आणि 'भ' म्हणायला लावीत. ज्योत हलली, की पुन्हा. श्वासाचा फटका माइकवर बसता कामा नये, म्हणून ही तालीम. माझी ज्योत हमखास लवत असे. नसीमाची कधी हलली नाही. ती डोळे बारीक करून, जणू ज्योतीची समजूत घालत असल्यासारखी उच्चार करी. काका आम्हा दोघींना समोर उभे करून म्हणाले होते, "केतके, तुझ्या आवाजात गोडवा आहे. हिच्या आवाजात संयम आहे. माइकला संयम आवडतो." मला त्या वाक्याचा फार हेवा वाटला होता. पुढे मी कवितेकडे वळले, ते बहुधा तिथे गोडव्याची सोय आहे असे वाटून.

काकांची खरी तपश्चर्या नावांवर होती. एखादा परदेशी पाहुणा यायचा असला, की ते त्या देशाच्या वकिलातीत फोन लावून त्याच्या नावाचा उच्चार विचारून घेत. उर्दू नावांसाठी ते शेजारच्या स्टुडिओतल्या वयस्कर उर्दू निवेदकाकडे शिकायला जात आणि परतताना बसमध्ये तोंडातल्या तोंडात ती नावे घोळवत. अपघाताच्या बातमीत मृतांची नावे असली, तर ती ते आधी स्वतःशी मोठ्याने वाचत. "माणसाचं नाव ही त्याची पहिली बातमी," ते म्हणत. "तीच चुकली, तर बाकीची कुणी का ऐकावी?"

यावरून मी माझी एक समजूत करून घेतली होती. जो माणूस परक्याचे नाव इतक्या जपणुकीने ओठांवर आणतो, तो त्या परक्यालाही जपत असणार. उच्चारांच्या आणि वृत्तांच्या शिस्तीत वाढलेल्या आमच्यासारख्यांची ही खास चूक. आम्हाला वाटते, कान स्वच्छ असला की मनही स्वच्छ असते.

पुष्कळ वर्षांनी दिल्लीतल्याच द्वारकेत आम्ही पुन्हा शेजारी झालो. काका निवृत्त होऊन तिथल्या एका सोसायटीत राहायला गेले होते. त्याच सोसायटीत मीही घर घेतले. बाबा माझ्याकडे होते. नसीमा गुरुग्रामच्या एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर पोचली होती, आणि द्वारकेच्या मराठी मंडळात गणेशोत्सवाचे निवेदन दरवर्षी तीच करीत होती. तिला तिथे उभे करणारे काकाच. "माइकवर नसीमा उभी राहील. चर्चा नको," असे त्यांनी पहिल्याच बैठकीत सांगितले होते, आणि चर्चा झाली नव्हती.

मग काकांचे डोळे गेले. पूर्ण गेले नाहीत. मधला भाग गेला. समोर बसलेल्या माणसाचा चेहरा त्यांना दिसत नसे, त्याच्या कडा दिसत. कानाची पाळी, केसांची बट, खांद्याची रेघ. वाचन बंद झाले. फोनमधल्या यंत्राकडून मजकूर ऐकायची सोय मी त्यांना लावून दिली, तेव्हा एक परिच्छेद ऐकून ते म्हणाले, "हे यंत्र 'ज्ञ'चा गळा घोटतं. त्यापेक्षा मी निरक्षर राहीन." काकू वाचू लागत, तर तिसऱ्या ओळीला त्यांनाच डुलकी लागे. म्हणून सुट्टीच्या दिवशी सकाळी मी जाऊ लागले.

"आली का आमची नभोवाणी?" पावलांचा आवाज ऐकताच ते म्हणत. "बैस. आज काय काय जळतंय जगात?"

"अहो, तिला चाय तरी पिऊ द्या," काकू आतून ओरडत. "बिल्कुल दम घेऊ देत नाही तुम्ही."

"'बिल्कुल' नाही. 'अजिबात'."

"बरं, अजिबात. चहा मात्र बिल्कुल गार झालाय."

मी हसत असे. वेताच्या खुर्च्या, कुंडीतल्या गवती चहाचा वास, विमानतळाकडे उतरणारी विमाने. विमान डोक्यावर आले की काका हात वर करीत, मी थांबे, गडगडाट विरला की हात खाली येई आणि मी अर्धे राहिलेले वाक्य पहिल्यापासून उचले. सुरुवातीच्या त्या सकाळी मी इतक्या आनंदात घालवल्या आहेत, की त्यांची आठवण आता मला चिडवल्यासारखी वाटते.

एके दिवशी वर्तमानपत्र संपल्यावर काका म्हणाले, "आता फोन काढ. त्यात काय आलंय ते वाच."

त्यात जे येत होते त्याचे वर्णन मी करणार नाही. दिल्लीत राहणाऱ्या कुणालाही ते पाठ आहे. पहिला मजकूर एका भाजीवाल्याविषयी होता. तो भाजीवर थुंकून ती विकतो, असे त्यात लिहिले होते. गावाचा पत्ता नव्हता, तारीख नव्हती. भाजीवाल्याचे नाव मात्र होते. मी वाचले, "जफर." काकांचा हात वर गेला. मला वाटले, विमान. आभाळ रिकामे होते.

"'ज़फ़र'," काका म्हणाले. "ज दातांतून, फ ओठाला दात लावून. नाव नीट घ्यावं माणसाचं."

मी पुन्हा म्हटले.

"हं. आता कसं." मग कांडी गालातल्या गालात फिरवत, तितक्याच शांतपणे, "ठेचायला पाहिजे ही जात. वाच तू, थांबू नकोस."

द्वेष लिहिलेला असतो तोवर तो कागदावर किंवा काचेवर असतो. मोठ्याने वाचला, की तो आधी वाचणाऱ्याच्या तोंडातून जातो. टाळूला लागतो, दातांच्या फटीत राहतो. त्या सकाळी मी घरी येऊन कोमट पाण्याने चूळ भरली. मग पुन्हा भरली. बाबांनी विचारले, "काय खाल्लंस?" मी म्हटले, काही नाही.

"काका, हे खोटं आहे," असे मी पुढच्या खेपेला त्यांना सांगितले.

"असेल."

"असेल म्हणजे?"

"म्हणजे असेल. एक खोटं असेल. सगळंच कसं खोटं असेल?"

माझ्या ऑफिसातल्या मैत्रिणी म्हणाल्या, जाऊ नकोस, तोडून टाक. मला ते फार सोपे वाटले, आणि काहीसे आळशी. मी ठरवले, या माणसाला समजून घ्यायचे. कवितेने मला एवढे तरी शिकवले होते, की एखादी ओळ कळत नसेल तर ती ओलांडून जायचे नसते. तिच्यापाशी बसायचे असते. म्हणून मी बसले. कारणे गोळा करू लागले. त्यांचा अंधार, परदेशात गेलेला आणि फक्त सणाला फोन करणारा मुलगा, दिवसभर हातात गुणगुणणारा तो फोन, कुणालाच गरज न उरलेला एवढा मोठा आवाज. प्रत्येक कारण खरे होते. आणि प्रत्येक कारण घेऊन मी त्यांच्यासमोर बसले, की ते पुन्हा काहीतरी असे बोलत, की कारण बिचारे माझ्या हातात तसेच राही.

एकदा मी सरळच विचारले. "काका, त्यांच्यापैकी कुणी कधी तुम्हाला त्रास दिला होता का?"

"नाही बुवा."

"फसवलं? भीती दाखवली?"

"नाही. माझ्या मांडीला मांडी लावून बसले, चहा पाजला. उच्चार शिकवले."

"मग?"

काकांनी मान माझ्या दिशेने वळवली. त्यांची नजर माझ्या कानाच्या कडेवर स्थिरावली. "तुला कुठेतरी जखम हवी आहे, केतके. म्हणजे तू म्हणशील, बिचारे काका, त्यांचं असं असं झालं होतं. तू इथे मला तपासायला येतेस. नाडी धरून बसतेस. मला काही झालेलं नाही गं. माझं मत आहे. तुझं आहे तसंच. तुझं मत कुठल्या जखमेतून आलंय, असं मी विचारलं का कधी?"

मी मांडीवरच्या वर्तमानपत्राची कड दुमडू लागले. कागदाची सळसळ त्यांनी ऐकली, आणि त्यांचा आवाज जरा सैल झाला.

"सगळी नोकरी मी दुसऱ्यांचं लिहिलेलं वाचलं," ते म्हणाले. "दंगल वाचली, निवडणूक वाचली, पूर वाचला. सगळं एका पट्टीत. माझं काय म्हणणं आहे, ते कुणी विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही. आता मला आवाज चढवायचाय."

"चढवा," काकू आतून म्हणाल्या, "पण बीपी चढवू नका. गोळी घेतली का?"

त्या सकाळी मला काका समजले, असे मी म्हणू शकते. आयुष्यभर स्वतःच्या आवाजाबाहेर राहिलेला माणूस शेवटी त्या आवाजात राहायला आला होता, आणि येताना त्याने हे सामान बरोबर आणले होते. समजले. किळस मात्र तसूभरही कमी झाली नाही. समज आली की किळस जाते, अशी माझी कल्पना होती. त्या दोघी एकाच खोलीत, एकमेकींकडे न बघता, खुशाल राहू शकतात.

आणि तरीही मी जात राहिले, याचे एक कारण बाबा होते.

बाबांना अर्धांगाचा झटका आला आणि त्यांची वाचा गेली, तेव्हा रुग्णालयाने शिकवलेले व्यायाम त्यांना जमेनात. ते रडत. काकांना हे कळले, तसे ते भिंतीला हात लावत लावत, एकटे, आमच्या घरी आले. बाबांच्या पलंगाला खुर्ची लावली. बाबांचा लुळा पंजा उचलून त्यांनी स्वतःच्या कंठावर ठेवला आणि म्हटले, "म." नुसता म. पुन्हा म. बाबांच्या बोटांना तो थरार लागत होता. काका रोज येत. कंटाळत नसत, उगाच धीर देत नसत, चुकले तर "चुकलं" म्हणत. मी दारात उभी राहून ती दोन म्हातारी माणसे पाहत असे, एकाचा हात दुसऱ्याच्या गळ्यावर, आणि खोलीत तो ज्येष्ठमधाचा वास. बाबांचा पहिला धड शब्द "मीठ" हा होता. मी केलेल्या सूपविषयीचे ते मत होते. काका खुर्चीतून अर्धवट उठले आणि त्यांनी टाळी वाजवली. "अरे व्वा! पहिल्याच बातमीत तक्रार!"

त्याच दुपारी, बाबांना झोप लागल्यावर, फोन वाजला म्हणून काकांनी तो माझ्याकडे दिला. कुठल्याशा वस्तीला आग लावण्याची कल्पना होती. मी वाचले, कारण त्यांची बोटे अजून बाबांच्या पंजावर होती.

"शेवटी चित्रं आहेत का काही?"

"हसणारे चेहरे."

"हं," काका म्हणाले, आणि स्वतःही थोडे हसले.

हे दोन्ही एकाच दुपारचे आहे. मी ते कितीदा तरी वेगळे करून पाहिले. होत नाही.

गेल्या भाद्रपदाच्या आधी मंडळाच्या तयारीला सुरुवात झाली. नसीमा शनिवारी संध्याकाळी मुलांच्या पाठांतराच्या तालमी घेऊ लागली होती. मेणबत्तीची युक्ती तीही वापरत असे. एका सकाळी मी काकांसमोर वर्तमानपत्र उलगडत होते, तेव्हा ते म्हणाले, "यंदा निवेदन बदलायला हवं."

"का?"

"लोक विचारतात."

"कोण लोक?"

"लोक."

"काका, नसीमा आहे ती."

"म्हणूनच विचारतात ना."

मी वर्तमानपत्राची घडी घातली. दमट हवेत कागद ओला लागत होता. "तिचा आवाज तुम्ही घडवलात."

"घडवला. उत्तम आवाज आहे. आवाजाचा प्रश्नच नाही."

"राग आहे तिच्यावर?"

"छे! पोरीसारखी आहे मला."

"मग?"

"मग काय? पोरीसारखी आहे, पण व्यासपीठ श्रींचं आहे." किती साधे होते ते त्यांच्या लेखी. त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. "मंडळाच्या ग्रुपवर घाल. मी सांगतो, तू टाइप कर."

"मी नाही करणार."

"बरं." ते रागावले नाहीत. "ग्रुप तरी उघडून देशील?"

तेही मी केले नाही. ते काकूंनी करून दिले. पदराला हात पुसत त्या बाहेर आल्या, फोन घेतला, ग्रुप उघडला, आवाज भरायची जागा त्यांच्या अंगठ्याखाली आणून दिली आणि म्हणाल्या, "नीट बोला हं. कुणाला लागेल असं नको."

काकांनी कांडी मागे सारली. श्वास घेतला. आणि मी लहानपणापासून ऐकत आलेला तो आवाज, साताऱ्याच्या स्वयंपाकघरात घुमणारा, निघाला. "मंडळाच्या सर्व सभासदांना नमस्कार. श्रींच्या उत्सवाचं निवेदन करणारी व्यक्ती श्रद्धेने त्या स्थानी उभी असावी, अशी अनेकांची भावना आहे. ती विचारात घेऊन यंदा निवेदनाची जबाबदारी अन्य सभासदाकडे सोपवावी, असं मी सुचवतो. संबंधित व्यक्तीच्या गुणवत्तेविषयी आदरच आहे. कुणाविषयीही आकस नाही. धन्यवाद." एकही अक्षर डगमगले नाही. 'श्रद्धा' या शब्दातला 'द्ध' इतका सुबक पडला, की माझ्या कानाला, माझ्या त्या निर्लज्ज कानाला, क्षणभर बरे वाटले.

दारापर्यंत सोडायला आलेल्या काकू हळूच म्हणाल्या, "मी बोलेन गं नसीमाशी. घरी जेवायला बोलावते तिला. शेवयांची खीर आवडते तिला."

"घरी चालेल?"

"घरी काय, यार! घर आपलं आहे."

घरी पोचेपर्यंत ग्रुपवर उत्तरे येऊ लागली होती. 'काय आवाज, काका!' 'अंगावर काटा आला.' 'जुने दिवस आठवले.' जोडलेले हात, फुले, पुन्हा जोडलेले हात. ज्या मुलांच्या जिभा नसीमाने वळवल्या होत्या, त्यांच्या आईबापांचे हात. कुणी म्हणजे कुणी त्या वाक्यांत काय होते त्याविषयी अक्षर लिहिले नाही. ते काकांना नाही म्हणाले असते तर मी त्यांच्या बाजूने उभी राहिले असते, हो म्हणाले असते तर भांडले असते. त्यांनी आवाजाची तारीफ केली. त्या संध्याकाळी किळस एका माणसापुरती राहिली नाही. सोसायटीच्या जिन्याला, लिफ्टच्या बटणांना, माझ्याच दाराच्या कडीला ती चिकटली होती. मी ग्रुपवर लिहिले, की हे मला मान्य नाही. माझ्या वाक्याखाली कुणीतरी एक अंगठा टाकला आणि मग मांडवाच्या रंगाची चर्चा सुरू झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नसीमाचे उत्तर आले. ते मी एकदा मनात वाचले आणि चप्पल घालून निघाले. आता पाहते, तर ती माझी त्या घरातली शेवटची सकाळ. त्यानंतर काकांना कोण वाचून दाखवते, मला ठाऊक नाही. काकू लिफ्टमध्ये भेटतात आणि "येत नाहीस गं" म्हणतात, आणि मी मजल्याचा आकडा बघत राहते. पण त्या सकाळी मी आशेने निघाले होते. माझी जुनी समजूत अजून मेलेली नव्हती. या माणसापर्यंत तर्क पोचला नव्हता, पुरावा पोचला नव्हता, लाज पोचली नव्हती. पण कानाची वाट उघडी असेल, असे मला वाटत होते. चांगले म्हटलेले वाक्य त्यांनी आयुष्यात कधी अडवले नव्हते. नसीमाचे मंडळातले स्थान तर गेलेच होते. काकांच्या आत तिची काही जागा उरली आहे का, एवढेच मला पाहायचे होते, आणि त्यावर माझे त्यांच्याशी पुढे काय उरणार, तेही ठरणार होते.

"आली का?" काका म्हणाले. "बैस. ग्रुपवर काही आलंय?"

"आलंय. नसीमाचं."

त्यांनी ज्येष्ठमधाची कांडी तोंडातून काढली आणि रुमालात ठेवली. हे मी फार क्वचित पाहिले होते. एखादे उत्तम गाणे लागले, तरच ते असे करीत. मी पाठ ताठ केली. पोटातून श्वास घेतला. त्यांनी गच्चीवर शिकवलेले होते नव्हते ते सगळे गोळा करून, ना रडवेले, ना आरोप केल्यासारखे, नसीमाच्याच संयमाने मी वाचायला सुरुवात केली.

"नमस्कार. मी नसीमा मुजावर. काकांचा निरोप ऐकला. त्यांचा आवाज अजून तसाच आहे, ऐकून बरं वाटलं. यंदा मी निवेदन करणार नाही, आणि तालमीही आजपासून दुसऱ्या कुणी घ्याव्यात. मुलं अर्ध्यावर आली आहेत. धाकट्या मुलांना 'ळ' अजून जमत नाही. त्यांना रागावू नका. जिभेचं टोक मागे वळवायला सांगा, येईल. माइकची उंची मुलांसाठी कमी करून घ्या, दर वर्षी ऐन वेळी विसरायला होतं."

इथे परिच्छेद संपत होता. मी थांबले, जेवढे थांबायला हवे तेवढेच. कुठेही विमान नव्हते. काकूंच्या हातातले भांडे वाजायचे थांबले होते. काकांचे डोके एका बाजूला कलले होते, ओठ किंचित विलग होते. ते ऐकत होते, अंगातल्या सगळ्या कातडीने ऐकत होते. मी शेवटची ओळ वाचली.

"काका, निरोपात माझं नाव घेतलं असतंत, तरी चाललं असतं."

मी आवाज खाली ठेवला. खालच्या रस्त्यावर ई-रिक्षाचा भोंगा वाजला आणि दूर गेला. काकांची बोटे खुर्चीच्या हातावर सावकाश फिरत होती. त्यांच्या गळ्याची घाटी एकदा वर गेली, खाली आली. त्यांनी रुमाल उलगडला, कांडी उचलली, गालात ठेवली. तो वास माझ्यापर्यंत आला. मग माझ्या हातातल्या फोनच्या दिशेने हनुवटी उचलून, पुढच्या मजकुराची वाट पाहत, ते म्हणाले,

"पुढे."